अँटी-टीपीओ वाढलंय : रिपोर्ट वाचायचा कसा

रिपोर्टवर अँटी-टीपीओसमोर (थायरॉईडविरुद्धची एक अँटीबॉडी) ४१२ छापलंय, बाजूला ठळक 'हाय', आणि मर्यादा दिलीय ३४. म्हणजे बारा पट! घाबरण्याआधी नजर टीएसएचच्या ओळीवर न्या. टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन : ग्रंथी मंदावली की चढतं, जोरात चालली की उतरतं. गोळी लागणार की नाही आणि किती ताकदीची, हे टीएसएच आणि फ्री टी-फोर (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) पाहून ठरतं. अँटीबॉडी इतकंच सांगते की थायरॉईडच्या तक्रारीचं मूळ ऑटोइम्यून आहे, आणि पुढे कशावर लक्ष ठेवायचं.

ऑटोइम्यून म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटते. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यविशारदाने १९१२ साली चार स्त्रियांच्या गलगंडांचं वर्णन प्रसिद्ध केलं; त्या आजाराला आज हाशिमोतो म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या गाठींत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी खच्चून भरलेल्या दिसल्या होत्या. ग्रंथी पोखरण्याचं मुख्य काम याच पेशींचं. टीपीओ अँटीबॉडी ही बहुतांशी त्याची रक्तात सापडणारी खूण. म्हणून ४१२ वाल्याची ग्रंथी १२० वाल्यापेक्षा तिपटीने खराब, असा हिशेब मांडता येत नाही.

दोन लॅबचे आकडेही एकमेकांशी ताडू नका. किट बदललं की मर्यादा बदलते : कुठे ३४, कुठे ६०, कुठे ९, तर कुठे ५.६१. रिपोर्टवर '६००पेक्षा जास्त' असं छापलेलं असेल तर ती यंत्राची मोजण्याची कमाल मर्यादा आहे, आजाराची नव्हे.

कोणती अँटीबॉडी कशासाठी

अँटी-टीपीओ हाशिमोतोच्या दहापैकी जवळपास नऊ रुग्णांत सापडते. ग्रेव्हजच्या, म्हणजे थायरॉईड जास्त काम करू लागते त्या ऑटोइम्यून आजाराच्या, बऱ्याच रुग्णांतही असते, आणि काही तक्रार नसलेल्या साधारण दहांतल्या एकातही. अँटी-टीजीचा खरा उपयोग थायरॉईडच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर होतो, कारण ती थायरोग्लोब्युलिनची (थायरॉईडच्या पेशी बनवतात ते प्रथिन) मोजणी बिघडवते. एरवी तिच्याने निर्णय फारसा बदलत नाही. तिसरी ट्रॅब, म्हणजे टीएसएच रिसेप्टरवरची (ग्रंथीत टीएसएच जिथे चिकटतो त्या जागेवरची) अँटीबॉडी. टीएसएच खाली गेला असेल तेव्हा ही मागवतात. टीएसएच वाढलेला असताना पॅकेजमध्ये आहे म्हणून ट्रॅब करून घेणं बहुतेक वेळा पैसे वाया घालवणं.

आकडे एकत्र वाचा

टीएसएच नॉर्मल, फ्री टी-फोर नॉर्मल, टीपीओ वाढलेली : आज औषध नाही. वर्षातून एकदा टीएसएच तपासायचा, बस्स. इंग्लंडमधल्या व्हिकहॅमच्या वीस वर्षांच्या पाहणीत अशा स्त्रियांपैकी दरवर्षी शंभरात साधारण दोघींना उघड हायपोथायरॉईडिझम, म्हणजे थायरॉईड कमी पडण्याचा आजार, झाला. टीएसएचही आधीच वाढलेला असेल तर चारांहून थोड्या जास्त जणींना.

टीएसएच ६.८, फ्री टी-फोर नॉर्मल, टीपीओ ४१२ : ग्रंथी ओढूनताणून काम भागवतेय. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करा, कारण नुकत्याच झालेल्या आजारपणानंतर तो काही काळ चढलेला असू शकतो. दुसऱ्या खेपेला तो १०च्या वर असेल तर सहसा गोळी सुरू होते. ४.५ ते १०च्या पट्ट्यात वय, लक्षणं आणि गरोदरपणाचा विचार पाहून डॉक्टर ठरवतात. सत्तरीपुढे टीएसएच थोडा जास्त असणं स्वाभाविक धरतात. तिथे घाईने दिलेली गोळी हृदयाचे ठोके बिघडवू शकते.

टीएसएच ०.०१, फ्री टी-फोर वाढलेला : आता ट्रॅब हवीच. पॉझिटिव्ह आली तर ग्रेव्हज. निगेटिव्ह आली तर सूज आलेल्या ग्रंथीतून साठवलेलं हार्मोन गळत असण्याची शक्यता बघावी लागते. ते काही आठवड्यांत आपोआप ओसरतं आणि त्यावर कार्बिमॅझोल (ग्रंथीचं हार्मोन बनवणं रोखणारी गोळी) देऊन उपयोग नसतो. शंका राहिली तर टेक्निशियम स्कॅन निवाडा करतो : ग्रेव्हजमध्ये ग्रंथी स्कॅनसाठी टोचलेलं औषध भरपूर ओढते, गळतीत जवळजवळ ओढतच नाही. कार्बिमॅझोल चालू असताना ताप आला किंवा घसा खूप दुखू लागला तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा. पांढऱ्या पेशी एकदम घसरण्याचा धोका असतो.

रिपोर्ट खोटा कधी बोलतो

केस गळतात म्हणून घेतलेली बायोटिनची गोळी. त्यात बऱ्याचदा १० मिलिग्रॅम बायोटिन असतं, म्हणजे रोजच्या गरजेच्या शेकडो पट. काही किटमध्ये त्यामुळे टीएसएच खोटा कमी, फ्री टी-फोर खोटा जास्त आणि ट्रॅबही खोटी पॉझिटिव्ह येते. कागदावर थेट ग्रेव्हज, आणि माणूस ठणठणीत! रक्त देण्याआधी किमान दोन-तीन दिवस ती बंद ठेवा. मल्टिव्हिटॅमिनच्या डबीमागची बारीक अक्षरंही वाचा.

अँटीबॉडीसाठी उपाशी राहावं लागत नाही. टीएसएच मात्र रात्री चढतो आणि दुपारी उतरतो, म्हणून दरवेळी साधारण एकाच वेळी, शक्यतो सकाळी, रक्त द्या. थायरॉईडची गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती रक्त दिल्यावर घ्या, नाहीतर फ्री टी-फोर थोडा फुगलेला दिसतो.

गोळी चालू असूनही टीएसएच उतरत नाही

बहुतेक वेळा दोष डोसचा नसून चहाचा असतो. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची नेहमीची गोळी, साध्या पाण्याबरोबर, अनशापोटी. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर. बाटली शेगडीजवळच्या फळीवर नको, उष्णता आणि दमटपणाने औषधाचा जोर जातो. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबूनच टीएसएच करा. पंधरा दिवसांनी केलेला रिपोर्ट दिशाभूल करतो.

टीपीओ '६००वरून २००वर' आणायच्या मागे लागू नका. एकदा पॉझिटिव्ह आली की ती तपासणी पुन्हा करायचं कारण सहसा उरत नाही. समुद्री शेवाळाच्या, म्हणजे केल्पच्या, गोळ्यांतलं जादा आयोडीन हाशिमोतोत उलट त्रास वाढवतं. शिजवलेला कोबी-फ्लॉवर खुशाल खा. सीलिॲक आजार (गव्हातलं ग्लुटेन न सोसणं) नसेल तर पोळी सोडण्यालाही ठोस आधार नाही.

दिवस राहिले असतील तर

टीपीओ पॉझिटिव्ह बाईने पाळी चुकल्याचं कळताच टीएसएच करावा, मग निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी आणि पुन्हा तिसाव्या आठवड्याच्या सुमारास. आधीपासून गोळी चालू असेल तर डॉक्टर सहसा आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्यायला सांगतात. ग्रेव्हज आधी होऊन गेला असेल, अगदी ग्रंथी काढलेली असली तरी, ट्रॅब तपासायला हवी; ती वार ओलांडून बाळाच्या थायरॉईडला चेतवू शकते.

बाळंतपणानंतरच्या वर्षात आधी छातीत धडधड, चिडचिड, आणि काही महिन्यांनी गळून जाणं, केस जाणं, अंगावर सूज. हा थायरॉईडचा त्रास असू शकतो, पण घरात याला 'बाळंतिणीचा अशक्तपणा' म्हणून डिंकाचे लाडू पुढे केले जातात. लाडू खावेत, पण टीपीओ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात टीएसएचही करून घ्यावा.