फ्रीबीएसडी अपग्रेड करताय? सूचना वाचतानाच्या या चुका टाळा

फ्रीबीएसडी ही युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम १३ वरून १४ वर नेताना जी वाट लागते ती बहुतेक वेळा सिस्टीममुळे लागत नाही. तिच्या अधिकृत हँडबुकमध्ये सगळं धड लिहिलेलं असतं, पण आपण काय करतो, त्यातली फक्त कमांड उचलतो, टर्मिनलमध्ये पेस्ट करतो आणि वरची-खालची वाक्यं बघतच नाही.

आधी सगळ्यात साधी चूक. कमांडच्या आधी हॅशची खूण असते, तिचा अर्थ एवढाच की ही कमांड रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन चालवायची. ती खूण पण कॉपी झाली की एसएच किंवा बॅश (कमांड वाचणारे शेल) अख्खी ओळ कॉमेंट समजून सोडून देतो, एरर पण येत नाही, आणि माणूस म्हणतो झालं वाटतं!

दुसरं, 'फ्रीबीएसडी-अपडेट फेच' म्हणजे आहे त्याच रिलीजचे सिक्युरिटी पॅच, बस. नवीन रिलीज हवं तर आर फ्लॅगपुढे रिलीजचं नाव आणि शेवटी 'अपग्रेड' लिहायचं. मग फायलींची लांबच लांब यादी येते, खाली कोलन दिसतो, लोकांना वाटतं अडकलं आणि कंट्रोल-सी मारतात. अडकलेलं काही नसतं, क्यू दाबा.

आता मर्ज, म्हणजे तुम्ही बदललेल्या कॉन्फिग फायली नव्याशी जुळवणं. काही कॉन्फिग फायली आपोआप जुळत नाहीत तेव्हा व्हीआय हा टेक्स्ट एडिटर उघडतो आणि आत तुमचा भाग, नवा भाग, मध्ये बरोबरच्या खुणांची ओळ असं सगळं दिसतं. व्हीआय नको असेल तर आधीच एडिटर व्हेरिएबलमध्ये ईई हा सोपा एडिटर सेट करून ठेवा. हे भाग नीट न जुळवता, खुणा न काढता सेव्ह केलं आणि पुढे 'हे ठीक वाटतंय का' या प्रश्नाला डोळे झाकून वाय दाबलं, की त्या खुणा एसएसएचडीच्या (लांबून लॉगिन करू देणाऱ्या सर्व्हिसच्या) कॉन्फिगमध्ये तशाच राहतात, रिबूटनंतर एसएसएच उठत नाही आणि सर्व्हर कुठल्या तरी डेटासेंटरमध्ये. एन दाबलं तर काही बिघडत नाही हो, प्रोसेस थांबते, परत सुरू करायची.

खरा घोळ मात्र 'इन्स्टॉल' या कमांडचा. ती सूचनांमध्ये तीनदा येते, आणि लोकांना वाटतं छापताना डबल झालंय किंवा पहिल्यांदा नाही झालं तर परत करा असं असेल. तसं नाहीये. पहिल्या वेळी नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) बसतो, मग रिबूट करायचंच, दुसऱ्या वेळी बाकीची बेस सिस्टीम बसते, आणि तिसऱ्या वेळी जुन्या शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड) काढून टाकल्या जातात. या दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये एक वाक्य येतं की बाहेरून टाकलेलं सॉफ्टवेअर परत बिल्ड करा, ते वाचून काहीजण घाबरून पोर्ट्स (सोर्समधून बांधायचं सॉफ्टवेअर) कंपाइल करत बसतात आणि काहीजण सरळ सोडून देतात. तयार पॅकेजेस वापरत असाल तर 'पीकेजी-स्टॅटिक अपग्रेड' एफ फ्लॅग लावून चालवा, काम झालं. हे न करता तिसरं इन्स्टॉल मारलं की मजा बघा, १३ मध्ये ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) १.१.१ होतं आणि १४ मध्ये ३.०, जुनी लायब्ररी गेली की तिच्यावर बांधलेले प्रोग्रॅम 'शेअर्ड ऑब्जेक्ट सापडत नाही' म्हणत पडतात. पीकेजी (पॅकेज टाकणारं टूल) स्वतःच पडलं तर पीकेजी-स्टॅटिक वापरा, त्याला बाहेरच्या लायब्ररी लागत नाहीत.

झेडएफएस ही फाइल सिस्टीम वापरणाऱ्यांनी अजून एक बघा. अपग्रेडनंतर 'झेडपूल स्टेटस' ही पूलची (एकत्र जोडलेल्या डिस्कची) स्थिती दाखवणारी कमांड सांगते की काही फीचर्स चालू नाहीत, 'झेडपूल अपग्रेड' करा. ही एरर नाही! पूल व्यवस्थित चालतोय. त्याच्याच पुढे लिहिलेलं असतं की हे केल्यावर जुनं सॉफ्टवेअर पूल वाचू शकणार नाही कदाचित, म्हणजे जुन्या बूट एन्व्हायर्नमेंटवर (अपग्रेडआधीच्या सिस्टीमच्या जपलेल्या प्रतीवर) परत जायचा रस्ता बंद होऊ शकतो, आणि बूटलोडर (सिस्टीम सुरू करणारा प्रोग्रॅम) जुनाच राहिला असेल तर मशीन उठणारच नाही. ईएफआय पार्टिशनमधला लोडर फ्रीबीएसडी-अपडेट बदलत नाही, तो हाताने कॉपी करावा लागतो. माझं मत विचाराल तर काही आठवडे त्या मेसेजकडे बघूच नका.

झाल्यावर तपासायला यूनेम पुरत नाही, तो फक्त चालू कर्नल सांगतो. 'फ्रीबीएसडी-व्हर्जन'ला के, आर, यू हे तिन्ही फ्लॅग द्या. तिथे कर्नलचा पॅच नंबर यूजरलँडपेक्षा (कर्नल सोडून बाकीच्या बेस सिस्टीमपेक्षा) मागे दिसला तर लगेच परत अपग्रेड करायला धावू नका, त्या पॅचमध्ये कर्नलला हातच लावला नसेल तर नंबर मागेच राहतो.