द्राक्ष कुठं किती पाठवायची? एक्सेलच्या सॉल्व्हरवर असं गणित मांडा

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडं फेब्रुवारी लागला की चर्चा एकच, यूरोपला दर काय निघाला. पण दर बघून सगळा माल तिकडं लावला की पैसे जास्त होतात असं नाही, साइज किती मालाला बसतीय, पॅकिंगला माणसं किती मिळतायत हे सगळं एकदम धरायला लागतं आणि ते तोंडी जमत नाही. ह्याला लिनियर प्रोग्रामिंग वापरा, म्हणजे सगळ्या अटी पाळून जास्तीत जास्त पैसे देणारी वाटणी काढायचं गणित. एक्सेलच्या ॲड-इन्समधून हे गणित सोडवणारा सॉल्व्हर चालू करा, लिब्रेऑफिसमध्ये पण आहे.

समजा माल 20 टन. खर्च, मजुरी सगळं वजा जाता किलोला यूरोप 60, दुबई 48, लोकल 30, बेदाणा 25 (आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे टाका). बेदाण्याचा दर तसाच लिहू नका, साधारण 4 किलो द्राक्षाचा 1 किलो बेदाणा होतो, म्हणून द्राक्षाच्या किलोवर आणूनच लिहा. चारी ठिकाणचे टन रिकामे ठेवा, ते सॉल्व्हर भरतो. टार्गेट सेलला समप्रॉडक्टनं (टन गुणिले दर करून बेरीज घेणारं सूत्र) एकूण पैसे, दर किलोचा आहे म्हणून गुणिले 1000, आणि मॅक्स निवडा.

आता अटी. चौघांची बेरीज 20. एक्सपोर्ट साइजचा माल 12 टनच, म्हणून यूरोप अधिक दुबई त्याच्या आत. लोकल व्यापारी 5 टन घेणार. पॅकिंगच्या हजेऱ्या 80, यूरोपच्या पनेटला (छोट्या प्लास्टिकच्या डब्याला) टनाला 10 जातात, दुबईच्या पेटीला 5. मेथड सिम्प्लेक्स एलपी, सॉल्व्ह दाबा.

उत्तर येतं यूरोप 4, दुबई 8, लोकल 5, बेदाणा 3, एकूण 8,49,000. हजेऱ्या संपेपर्यंत यूरोपच भरलं असतं तर 8 टन गेले असते आणि 8,05,000 वर थांबलो असतो, कारण पनेटच सगळी माणसं खातं.

सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट (अट थोडी सैल झाली तर पैसे किती वाढतात ते दाखवणारा) जरूर काढा, मला तर सगळ्यात कामाचा तोच वाटतो. त्यात हजेरीची शॅडो प्राइस 2,400 दिसंल, म्हणजे नेहमीच्या मजुरीवर अजून 2,400 पर्यंत जादा देऊन एक हजेरी वाढवली तरी परवडतं. बाहेरची टोळी आणायची का, गाडीभाडं द्यायचं का, ह्याचा निर्णय ह्याच आकड्यावर घ्या.

रेसिड्यूच्या (मालात राहिलेल्या औषधाच्या अंशाच्या) रिपोर्टआधी यूरोप शून्य धरून परत एकदा चालवा. 2010 ला सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराइड, वाढ रोखणारं औषध) च्या अंशामुळं आपला माल यूरोपात अडकला होता, तेव्हा हे धरायलाच पाहिजे. वरच्या आकड्यांत दुबई 12 होते आणि 8,01,000 येतात, म्हणून दुबईवाल्याशी जादा 4 टनाचं बोलणं रिपोर्ट यायच्या आधीच करून ठेवा.