सुक्या जळणाची वखार काढण्यापूर्वी करावयाची तयारी

सातारा किंवा सांगली जिल्ह्यात सुक्या जळणाची वखार काढायची असेल, तर कामाचे वर्ष दिवाळीपासून मोजावे. नोव्हेंबरात तोडून लगेच फोडलेले लाकूड मेअखेर बऱ्यापैकी वाळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडलेल्या जाड बाभळीला तेवढा अवधी मिळत नाही आणि तो माल पुढच्या उन्हाळ्यापर्यंत अडकून पडतो. त्यामुळे खरेदी, तोडणी, वाहतूक आणि मजुरी यांत घातलेला पैसा सहा ते आठ महिने परत येणार नाही, हे धरूनच भांडवलाची जुळणी करावी. कर्ज काढायचे झाल्यास पहिला हप्ता विक्री सुरू झाल्यानंतर येईल, अशी बोलणी बँकेशी आधीच करावी.

जागेचा निर्णय पावसाकडे पाहून घ्यावा. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर दहिवडी-आटपाडीच्या पट्ट्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. गिऱ्हाईक महाबळेश्वर-पाचगणीचे असले, तरी वाळवण्याची जागा खटाव, माण, आटपाडी, कवठेमहांकाळ अशा पूर्वेकडच्या तालुक्यांत घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. घाटमाथ्यावर जुलैत हवाच इतकी दमट असते की छपराखालचे कोरडे लाकूडसुद्धा ओल पुन्हा ओढून घेते. जमीन मुरमाड आणि थोडी उंचावरची असावी. काळ्या रानात पावसाळ्यात गाडी रुतते. वरून विजेच्या तारा जात नसाव्यात. जमीन शेतीची असल्यास बिनशेती वापराची चौकशी तहसील कार्यालयात आणि ना हरकत दाखल्याची चौकशी ग्रामपंचायतीत करून ठेवावी.

माल कोठून आला, हे कागदावर दाखवता आले पाहिजे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा, चिंच, फणस, जांभूळ, हिरडा, मोह, ऐन, किंजळ, अंजन, खैर, साग अशी झाडे आहेत आणि ती स्वतःच्या मालकीच्या रानातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. नगरपालिका हद्दीतील झाडांना १९७५ चा वेगळा कायदा लागू होतो. म्हणून वखारीचा मुख्य आधार बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी आणि वेडी बाभूळ यांवर ठेवावा, आणि यांपैकी कशाच्या वाहतुकीला पास लागतो, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून मगच गाडी भरावी. प्रत्येक खरेदीबरोबर शेतकऱ्याचा सातबारा आणि सहीचे संमतिपत्र घ्यावे. झाड बांधावरचे असेल, तर दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांच्या सह्या घेतल्याशिवाय कुऱ्हाड लावू नये, कारण बांधावरच्या झाडावरून उठलेले भांडण पुढे अनेक वर्षे मिटत नाही. आरा यंत्र बसवायचे असल्यास वन विभागाचा परवाना लागतो; सुरुवातीला त्यावाचून भागवावे.

लाकूड ओले असतानाच फोडावे. निलगिरीच्या बाबतीत हे कटाक्षाने पाळावे, कारण तिचे धागे पिळाचे असतात आणि वाळलेला ओंडका पाचर-घणालाही सहजासहजी दाद देत नाही. सालीतून ओल फार सावकाश निघते, म्हणून हाताच्या मनगटाएवढ्या फांद्या सोडून बाकी सर्व ओंडक्यांच्या फोडी कराव्यात. थप्पी जमिनीपासून वीतभर उंच, दगड-विटांवर रचावी. तिची रुंदी एका फोडीच्या लांबीइतकीच ठेवावी आणि दोन थप्प्यांमध्ये माणूस सहज फिरेल एवढी वाट सोडावी. सर्वांत वरच्या थरातील फोडींची साल आकाशाकडे करावी. पत्रा किंवा ताडपत्री फक्त डोक्यावर घालावी. चारही बाजूंनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली थप्पी आतल्या आत घामाघूम होते आणि तिला बुरशी येते. पश्चिमेकडून येणारी पावसाची झड अडवण्यापुरता आडोसा जून ते सप्टेंबर पुरेसा असतो. प्रत्येक थप्पीवर झाडाची जात आणि फोडल्याचा महिना लिहिलेली पाटी लावावी.

आता दराचा हिशेब, ज्याकडे नवा वखारवाला सर्वांत कमी लक्ष देतो. निम्मे वजन पाण्याचे असलेले १,००० किलो ओले लाकूड घेतले, तर त्यात ५०० किलोच खरे लाकूड असते, आणि पाण्याचा वाटा २० टक्क्यांवर आला की त्याचे वजन ६२५ किलो भरते. ओला टन ४,००० रुपयांना पडला असे समजल्यास वाळलेला टन मजुरी धरण्यापूर्वीच ६,४०० रुपयांना पडतो. शेजारचा विक्रेता ओले लाकूड निम्म्या दराने वजनावर विकत असेल, तर गिऱ्हाइकाला हा हिशेब शांतपणे समजावून सांगावा: ओल्या लाकडातले एक किलो पाणी भट्टीत वाफ होऊन जाताना सुमारे ०.७ युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जाते आणि ती शिजवण्याच्या कामी येत नाही. लाकडातले पाणी मोजण्यासाठी दोन सुयांचे ओलावामापक यंत्र विकत घ्यावे. फोडीच्या वाळलेल्या टोकावर ते लावल्यास फसवा आकडा मिळतो; फोड मधोमध चिरून आतल्या ताज्या अंगावर मोजावे. ही यंत्रे बहुधा कोरड्या लाकडाच्या तुलनेत पाणी दाखवतात, म्हणून यंत्रावरचे २५ म्हणजे एकूण वजनातील २० टक्के, हेही ध्यानात ठेवावे.

इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून घ्यावी. जळाऊ लाकडावर जीएसटी शून्य आहे. कामगार थोडे असल्यास दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली केवळ सूचना द्यावी लागते. लघुउद्योगांसाठी असलेली सरकारी 'उद्यम' नोंदणीही उरकून घ्यावी.

कामगारांसाठी जाड हातमोजे, डोळ्यांचे चष्मे आणि घोट्याच्या वर येणारे बूट पहिल्या दिवसापासून हवेत. थप्पीखाली फुरसे आणि घोणस आसरा घेतात, त्यामुळे खालचा थर काठीने हलवल्याशिवाय कोणी हात घालू नये, आणि सर्पदंशावरचे प्रतिविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात मिळते, हे सर्वांना ठाऊक असावे. पाण्याची टाकी, वाळूच्या बादल्या आणि आगीचा विमा यांची व्यवस्था पहिली गाडी उतरण्यापूर्वी झालेली असावी.

गिऱ्हाइकाला मापे आधी विचारावीत. पाण्याच्या बंबाला बोटभर जाडीच्या चिरफळ्या लागतात, लग्नाच्या आचाऱ्याला हातभर फोडी चालतात, आणि सांगलीकडे साधारण फेब्रुवारीपासून हळद शिजवणाऱ्यांना जाड, निखारा धरणारी बाभूळ हवी असते. रंग लावलेले किंवा रासायनिक प्रक्रिया केलेले जुने लाकूड अन्न शिजणाऱ्या कोणत्याही भट्टीसाठी देऊ नये. अंत्यसंस्काराला सुमारे ३०० ते ४०० किलो लाकूड लागते. दोन-तीन वेळा पुरेल एवढा पूर्ण कोरडा साठा छपराखाली कायम राखून ठेवावा, तो दुसऱ्या कोणालाही विकू नये, आणि पावसाळ्यात रात्री मागणी आली तरी त्यात एकही ओली फोड जाऊ देऊ नये. डोंगरावरच्या हॉटेलांची मागणी एप्रिलमध्येच लेखी घ्यावी, त्यांच्याकडे छपराची कोरडी जागा आहे का ते स्वतः जाऊन पाहावे, आणि सर्व माल जूनच्या पहिल्या आठवड्याआधी पोहोचता करावा. त्यानंतर पसरणीच्या घाटात भरलेली गाडी पावसात भिजवत नेण्यापेक्षा उरलेली मागणी ऑक्टोबरवर ढकलावी.