मोबाइल ॲपवर खर्चाचा हिशेब कसा ठेवावा

ॲप फोनमध्ये घेणे हे दोन मिनिटांचे काम आहे. त्यातील आकडे मात्र पहिला महिनाभर नेटाने तपासल्याशिवाय भरवशाचे होत नाहीत.

आरंभी बँक खाती, क्रेडिट कार्डे, चालू कर्जे आणि खिशातील रोकड यांची आजची स्थिती लिहून काढावी. मग ॲप निवडावे. नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलसारख्या कुठल्याही तक्त्यात उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये) उतरवून घेण्याची सोय आहे का, हे मी सर्वांत आधी पाहतो, कारण ‘मिंट’सारखे नावाजलेले ॲपदेखील मार्च २०२४ मध्ये बंद झाले. बँकेचा पासवर्ड किंवा ओटीपी ॲपला कधीही देऊ नये. खाते जोडायचेच असेल, तर बँकेच्या स्वतःच्या संमतीच्या पानावरून फक्त व्यवहार पाहण्याची परवानगी द्यावी.

खर्चाचे प्रकार (किराणा, घरभाडे, प्रवास वगैरे) आठ-दहाच ठेवावेत. चाळीस ठेवले की दुसऱ्याच आठवड्यात कंटाळा येतो आणि निम्मा खर्च ‘इतर’मध्ये जाऊन पडतो.

खरी गफलत होते ती दुहेरी नोंदीत. समजा, कार्डावर १,२०० ची खरेदी झाली आणि पुढे बँक खात्यातून तेवढेच बिल भरले, तर काही ॲप दोन्ही व्यवहार खर्चात धरून २,४०० दाखवतात. खर्च खरेदीच्या दिवशीच झालेला असतो, म्हणून बिलाच्या भरण्याची नोंद ‘हस्तांतरण’ अशी करावी. एटीएममधून काढलेल्या रोकडीलाही हाच नियम लागू होतो: ते पैसे फक्त खात्यातून खिशात आलेले असतात आणि पुढे जसजसे खर्च होतील, तसतशी त्यांची नोंद करायची असते.

आठवड्यातून एकदा ॲपमधील शिल्लक बँकेच्या शिलकीशी ताडून पाहावी. फरक दिसला, तर रक्कम किरकोळ असली तरी त्याच दिवशी शोधावा. महिन्यानंतर काही आठवत नाही.

असा महिना गेल्यावरच अंदाजपत्रक मांडावे. गरजा, हौस आणि बचत यांचे ५०:३०:२० हे प्रमाण सुरुवातीला बरे, पण घरभाडे किंवा हप्ते जास्त असतील तर ते बदलावेच लागते. वर्षातून एकदाच येणारे खर्च अंदाजपत्रकातून हमखास निसटतात. विम्याचा वार्षिक हप्ता १२,००० असेल, तर दरमहा १,००० वेगळ्या खात्यात आपोआप वळते होतील अशी सूचना बँकेच्या ॲपमध्ये देऊन ठेवावी आणि तिची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची ठेवावी.