जोडीदाराच्या गंभीर आजारात आर्थिक मदत मागताना या चुका टाळा

घरातील कर्ता पुरुष किंवा गृहिणी गंभीर आजारी पडते तेव्हा पैशाची चणचण पहिल्याच आठवड्यात जाणवत नाही. सुरुवातीची बिले बँकेतील शिलकीतून भागतात, मग मुदत ठेव मोडली जाते, मग दागिने गहाण पडतात, आणि हे सगळे संपल्यावर कोणीतरी विचारते की सरकारी योजनेत अर्ज का केला नाही. खरी अडचण या क्रमातच आहे. आपल्याकडे गोव्यात मिळणारी बहुतेक मदत ही पुढे होणाऱ्या खर्चासाठी, आधी मंजुरी घेऊन आणि थेट रुग्णालयाच्या नावे मिळते. झालेल्या खर्चाची भरपाई मागायला गेलेल्या कुटुंबाला, त्याची परिस्थिती कितीही हलाखीची असली तरी, बहुतेक ठिकाणी नकारच मिळतो.

आधी उपचार, नंतर अर्ज

निदान ऐकून हादरलेले कुटुंब त्याच रात्री गाडी करून बेळगाव, मणिपाल किंवा मुंबई गाठते. प्राण वाचवण्याचा प्रश्न असेल तर तसे करण्यावाचून गत्यंतर नसते आणि त्याबद्दल कोणी दोष देऊ नये. परंतु कर्करोग, मूत्रपिंडाचा विकार किंवा नियोजित हृदयशस्त्रक्रिया अशा अनेक आजारांत काही दिवसांचा अवधी हाताशी असतो, आणि तो बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे गोमेकॉत, घालवणे पुढच्या सगळ्या अर्जांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे ठरते. गोवा सरकारच्या आरोग्य सेवा संचालनालयाची मेडिक्लेम योजना राज्यातील सरकारी रुग्णालयांत उपलब्ध नसलेल्या विशेष उपचारांसाठी आहे. साहजिकच, हा उपचार येथे होऊ शकत नाही असे गोमेकॉतील तज्ज्ञाने लिहून दिलेला कागद हा त्या अर्जाचा पाया असतो. बाहेरच्या रुग्णालयातून फोन करून तो कागद मिळवण्याची धडपड किती अवघड असते, हे ज्यांनी केली त्यांनाच ठाऊक. अचानक बाहेर न्यावेच लागले, तर रुग्ण दाखल होताच पणजीत कांपाल येथील संचालनालयाशी संपर्क साधावा आणि काय सादर करायचे ते लेखी विचारून घ्यावे.

पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून हृदयशस्त्रक्रिया, मूत्रपिंड प्रत्यारोपण, कर्करोग यांसारख्या खर्चिक उपचारांसाठी साहाय्य मिळते. राष्ट्रीय आरोग्य निधी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी असून तो सरकारी रुग्णालयांतील उपचारांपुरता आहे. या दोन्ही ठिकाणी पैसे रुग्णालयाकडे जातात, रुग्णाच्या खात्यात येत नाहीत. म्हणून अर्जासोबत रुग्णालयाचे शिक्क्यासह मूळ अंदाजपत्रक लागते, आणि येथे एक चूक वारंवार होते. कुटुंब उसनवारी करून संपूर्ण रक्कम आगाऊ भरून मोकळे होते आणि मग मंजुरीची वाट पाहते. सगळी रक्कम भरली गेली असेल तर निधीने नेमके काय द्यायचे, हा प्रश्न उरतो. त्यापेक्षा अर्ज प्रलंबित असल्याचे रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला दाखवून टप्प्याटप्प्याने भरण्याची मुभा मागावी. अंदाजपत्रकही एका ठोक आकड्याचे घेऊ नये. शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या आणि केमोथेरपीचे प्रत्येक आवर्तन वेगळे दाखवलेले असेल, तर एका ठिकाणाहून थोडी रक्कम मंजूर झाल्यावर उरलेल्या भागासाठी दुसरीकडे अर्ज करता येतो. आमदार किंवा खासदारांचे शिफारसपत्र जोडायला हरकत नाही, मात्र ते अंदाजपत्रकाची जागा घेऊ शकत नाही.

महाराष्ट्राची माहिती गोव्यात लावणे

आपण मराठीत माहिती शोधतो आणि समोर येते ती बहुतांशी महाराष्ट्राची. महात्मा फुले जन आरोग्य योजना किंवा तिकडचा मुख्यमंत्री साहाय्यता निधी महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, एवढ्याने डिचोलीत राहणाऱ्या आईवडिलांना तो लाभ मिळत नाही. तिकडे तहसीलदार जे दाखले देतो, ते येथे मामलेदार कार्यालयातून घ्यावे लागतात.

गोव्यातील कुटुंबाने आधी पाहायची ती दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत किमान पाच वर्षे गोव्यात राहणारी कुटुंबे येतात. तीन सदस्यांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक सदस्यांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे संरक्षण आहे. सरकारी कर्मचारी तीत येत नाहीत. कार्ड कपाटात असते, पण त्याचे नूतनीकरण झालेले नसते किंवा लग्नानंतर घरात आलेल्या जोडीदाराचे नाव त्यावर चढवलेलेच नसते, हे दाखल होण्याच्या दिवशी कळून उपयोग नाही. उपचारांची यादीही ठरलेली आहे. आपला उपचार त्यात बसतो का, हे दाखल होण्याआधी विचारावे. जोडीदाराचे वय सत्तर किंवा अधिक असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेखाली सूचीबद्ध रुग्णालयांत पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळू शकते. वय आधार कार्डावरील धरले जाते.

नावे जुळत नाहीत

अर्ज परत येण्यामागे अनेकदा गरिबी सिद्ध न होणे हे कारण नसते, नाव सिद्ध न होणे हे असते. शिरोडकर हे आडनाव आधार कार्डावर रोमी ‘एस’ने सुरू होते आणि जुन्या जन्मनोंदीत ‘एक्स’ने. पत्नीचे नाव एका कागदावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे. लग्न देवळात झाले, पण विवाहनोंदणीसाठी निबंधक कार्यालयात दोनदा जी सही करावी लागते, त्यातली दुसरी राहून गेली, त्यामुळे विवाहाचा दाखलाच नाही. या गोष्टी आजारपणात निस्तरायच्या तर निदान एकाच व्यक्तीची ही वेगवेगळी नावे आहेत असे प्रतिज्ञापत्र लगेच करून त्याच्या प्रती प्रत्येक अर्जाला जोडाव्यात, आणि रुग्णालयातील नोंदणी आधार कार्डावरील नावानेच करावी. नोंदणीच्या खिडकीवर सांगितलेले घरगुती नाव पुढे प्रत्येक बिलावर उतरते.

सही कोण करणार

या विषयाकडे फार थोडी कुटुंबे वेळेवर पाहतात, आणि गोव्यात तर त्याला वेगळेच वजन आहे. येथे विवाहपूर्व करार केलेला नसेल तर पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या व्यवस्थेनुसार पतिपत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. घर, भाट म्हणजे बागायत किंवा भूखंड विकायचा वा गहाण ठेवायचा तर दोघांची संमती लागते, मग कागदावर नाव एकाचेच का असेना. याचा अर्थ असा की नवरा अतिदक्षता विभागात बेशुद्ध असताना त्याच्या उपचारांसाठी जमीन विकण्याची तयारी असलेली पत्नीही एकटी ती विकू शकत नाही. बँकही अशा तारणावर कर्ज देणार नाही.

म्हणून रुग्ण शुद्धीवर आहे, त्याला समजते आणि त्याची इच्छा आहे, तोवरच मुखत्यारपत्राचा, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदाचा, विचार व्हायला हवा. रुग्ण कार्यालयात जाऊ शकत नसेल तर नोंदणी कायद्यात उपनिबंधकाने त्याच्याकडे येऊन नोंद करण्याची तरतूद आहे. ही विनंती वकिलामार्फत आणि वैद्यकीय प्रमाणपत्रासह करावी. मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेल्यास ते मुखत्यारपत्रही संपुष्टात येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यानंतर उच्च न्यायालयात दाद मागून पालक नेमून घेण्याचा लांबचा मार्ग उरतो. अशा वेळी आजारी माणसाकडून सह्या घेणे अशुभ वाटते, नातेवाईक नाके मुरडतात, आणि कधी कधी त्यांच्या शंकेत तथ्यही असते. त्यामुळे हा कागद डॉक्टर आणि दोन्ही बाजूंच्या जवळच्या माणसांच्या समक्ष करणे उत्तम.

बँक खात्याबाबतचा गैरसमजही असाच आहे. वारसदार म्हणून नाव लावलेले आहे, म्हणजे पैसे काढता येतील, असे अनेकांना वाटते. नामनिर्देशन खातेदाराच्या मृत्यूनंतर कामाला येते, आजारपणात नाही. दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल असे संयुक्त खाते असेल तर प्रश्नच येत नाही. तसे नसेल आणि रुग्णाला सही करता येत नसेल, तर बँकेला लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी खातेदाराच्या अंगठ्याचा ठसा दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घेऊन पैसे देण्याची सोय आहे, आणि त्या साक्षीदारांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. रुग्णाचे एटीएम कार्ड आणि पिन वापरून सरसकट पैसे काढत राहणे सोपे वाटते खरे, पण पुढे भावंडांत हिशेबाचा वाद निघाला की तेच अंगाशी येते.

नोकरीतून मिळणारे हक्क विसरणे

औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या, महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराचा जोडीदार कर्मचारी राज्य विमा योजनेत वैद्यकीय उपचारांना पात्र असतो आणि या योजनेचे रुग्णालय मडगावात आहे. कामगार स्वतः आजारी असेल तर त्याला आजारपणाच्या काळात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते, आणि ठरावीक दीर्घ आजारांत त्याहून अधिक काळ व अधिक दराने भत्ता मिळतो. नोकरी सोडण्याचा किंवा बिनपगारी रजेचा निर्णय घेण्याआधी हे तपासावे, कारण राजीनाम्यासोबत हे हक्कही हातचे जाऊ शकतात. भविष्य निर्वाह निधीतून स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या आजारासाठी रक्कम काढता येते आणि ती परत भरावी लागत नाही. व्याजाने कर्ज काढण्याआधी हा पैसा वापरावा.

खाजगी विम्यात सर्वाधिक नुकसान खोलीच्या निवडीत होते. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असताना आपल्या माणसाला आराम मिळावा म्हणून महागडी खोली घेतली, तर कपात केवळ भाड्याची होत नाही. डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियागृहाचा खर्चही अनेक पॉलिसींत त्याच प्रमाणात कापला जातो.

लोकांकडे मागताना

गावचे मंडळ, देवस्थान समिती, जुने वर्गमित्र यांची मदत मोठी असते आणि तिच्याबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही. फक्त समाजमाध्यमांवर आवाहन फिरवताना आधार कार्डाचा फोटो आणि संपूर्ण वैद्यकीय अहवाल टाकू नये. अशा आवाहनांतील क्यूआर कोड बदलून पैसे लाटणारेही असतात, म्हणून शक्यतो रुग्णालयाच्या खात्याचा तपशील आणि रुग्णाचा नोंदणी क्रमांक द्यावा. स्वतःच्या खात्यात पैसे घेतल्यास वही ठेवावी. नातेवाईकांव्यतिरिक्त इतरांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर प्राप्तिकर कायद्यानुसार ती सगळी करपात्र ठरू शकते. गंमत म्हणजे कायद्यातील नातेवाइकाच्या व्याख्येत सख्खी भावंडे येतात, चुलतभाऊ येत नाही. नोंदणीकृत धर्मादाय न्यासाकडून आलेल्या मदतीला हा नियम लागत नाही.

सावकाराकडे कोरा धनादेश सही करून ठेवणे मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळावे. तो वटला नाही तर फौजदारी खटला उभा राहू शकतो.

एक लहान सवलत बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मुंबईला उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री एसी वर्गात पूर्ण भाडेसवलत आहे आणि सोबतच्या एका व्यक्तीलाही ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते.

अर्ज फेटाळला गेल्यास

तोंडी नकार घेऊन परतू नये. कारण लेखी मागावे, कारण बहुतेक नकार अपुऱ्या कागदांचे असतात आणि तेवढा कागद जोडून अर्ज पुन्हा देता येतो. विमा कंपनीने दावा नाकारला तर आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, एका वर्षाच्या आत जाता येते. गोव्यासाठी हे कार्यालय मुंबईत आहे, ५० लाखांपर्यंतचे दावे तेथे चालतात, आणि त्यासाठी शुल्क किंवा वकील लागत नाही. तक्रार करताना मूळ कागद स्वतःकडे ठेवावेत आणि प्रतीच पाठवाव्यात.