प्लेअरचा डिजिटल आउट जुन्या ५.१ स्पीकरला जोडायच्या आधी काय काय जमवून ठेवायचं

मामांनी गेल्या महिन्यात माळ्यावरनं जुना ५.१ चा सेट खाली काढला, कॉम्प्युटरला लावायचो तोच, एक सबवूफर, पाच छोटे स्पीकर आणि मागे लोंबणाऱ्या तीन पिना, हिरवी, काळी, नारिंगी. आणि ब्लू-रे प्लेअरच्या मागे आवाजासाठी एकच गोल भोक, तेही नारिंगी, त्यावर लिहिलंय कोॲक्शियल. रंगाला रंग जुळला म्हणून त्यांनी एक जोडपीन शोधून नारिंगीला नारिंगी लावून टाकली, तर संवाद नाही, गाणं नाही, नुसती बारीक खरखर. मामांना वाटलं स्पीकर गेले. स्पीकर ठणठणीत आहेत हो, कुणी असं झालं म्हणून सेट भंगारात देऊ नका, एवढ्यासाठीच हे सगळं लिहितोय.

त्या भोकातून आवाज येतच नाही, आकडे येतात. सहाच्या सहा चॅनल, म्हणजे प्रत्येक स्पीकरचा वेगळा आवाज, डॉल्बी डिजिटल नायतर डीटीएस या आवाज दाबून भरायच्या पद्धतींमध्ये दाबून एका वायरीतून पाठवलेले असतात आणि आपल्या स्पीकरला हवेत सहा वेगवेगळे साधे सिग्नल, त्यामुळे मध्ये ते गाठोडं सोडणारा एक डबा लागतोच, त्याला डिकोडर म्हणतात. पण तो घ्यायला निघायच्या आधी प्लेअर पुढे ओढून, धूळ पुसून मागची बाजू नीट बघा. तिथे फ्रंट, सराउंड, सेंटर, सबवूफर अशी सहा आरसीए भोकं (जुन्या टीव्हीच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीची असतात तशी गोल) असतील तर डिकोडर प्लेअरच्या आतच आहे, तुम्हाला फक्त वायरी लागणार, पैसे वाचले. नसतील तर मग डिजिटल आउट कुठला ते बघायचं. गोल आरसीए असेल तर कोॲक्शियल, आणि छोटं झाकण असलेलं चौकोनी, आत लाल उजेड दिसणारं असेल तर ऑप्टिकल. कोॲक्शियलला ७५ ओहमची वायर लागते, घरात जुन्या टीव्हीची लाल-पांढरी-पिवळी वायर पडलेली असेल तर त्यातली पिवळी चालते, नवी घ्यायची गरज नाही. ऑप्टिकल नवी आणली तर टोकांवरच्या बारीक प्लास्टिकच्या टोप्या आठवणीने काढा, आणि फर्निचरमागे घालताना तिला काटकोनात मुरडू नका.

मग मोबाइलवर दोन फोटो काढून ठेवा, एक प्लेअरच्या मागचा, एक स्पीकरच्या पिनांचा, आणि मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड गाठा, रविवारी नको, बरीच दुकानं बंद असतात. आता इथे खरी फसगत होते. ऑप्टिकल टू आरसीए म्हणून मागितलं की हातात जो स्वस्तातला छोटा डबा देतात त्याला मागे दोनच आउट असतात, तो फक्त दोन चॅनलचा पीसीएम, म्हणजे न दाबलेला साधा डिजिटल आवाज, कळणारा कन्व्हर्टर, त्याला डॉल्बी डिजिटल दिलं की एकतर गप्प बसतो नायतर सुसू आवाज काढतो. तुम्ही स्पष्ट सांगा, डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस दोन्ही डिकोड करणारा, सहा आउटवाला हवा. खोक्यावर ते लिहिलेलं स्वतः वाचा. आणि जमलं तर प्लेअर, रिमोट आणि ५.१ ची एक डिस्क पिशवीत घालून न्या, काउंटरवरच लावून बघायची, थोडं ओझं होतं पण दुसरी फेरी वाचते.

वायरी तिथेच घ्या, आणि इथे तो पिनांचा फोटो कामाला येतो. डिकोडरला सहा आरसीए आणि स्पीकरला ३.५ एमएमची भोकं असतील तर एका टोकाला ३.५ ची पीन आणि दुसऱ्याला दोन आरसीए अशा तीन वायरी. पण मामांच्या सेटसारख्या पिनाच लोंबत असतील तर ३.५ चं टोक फीमेल, म्हणजे भोकाचं, हवं, हे लक्षात न ठेवल्यामुळे माणसं घरी येऊन पीन हातात धरून बसतात. हिरवी पुढचे दोन, काळी मागचे दोन, नारिंगी सेंटर आणि सबवूफर. संवाद सबवूफरमधून घुमल्यासारखे आले तर नारिंगीच्या दोन आरसीए उलट झाल्यात, अदलाबदल करा, संपलं.

प्लेअरच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउट बऱ्याचदा पीसीएमवर असतो, तो बिटस्ट्रीमवर, म्हणजे गाठोडं न सोडता तसंच पुढे पाठवण्यावर, करा, काही प्लेअरमध्ये त्याला रॉ म्हणतात. पीसीएमवर राहिला तर पुढचे दोनच बोलतील आणि तुम्ही उगाच डिकोडरला दोष द्याल. ब्लू-रेमध्ये सेकंडरी ऑडिओ, म्हणजे मूळ आवाजात मिसळला जाणारा कॉमेंट्रीसारखा जादा आवाज, तोही बंद करा. डिस्कच्या मेन्यूतही ५.१ चा ट्रॅक निवडावा लागतो. डिस्कवर ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी (डॉल्बी, डीटीएसचेच वरच्या दर्जाचे प्रकार) लिहिलेलं असलं तरी ते या वायरीतून जात नाही, साधं डॉल्बी किंवा डीटीएस जातं, पण सहा चॅनल मिळतात आणि मला तरी १० बाय १२ च्या हॉलमध्ये तेवढं भरपूर वाटतं. घरातल्या नाटकांच्या व्हीसीडी मात्र मुळातच दोन चॅनलच्या, त्यातून मागचे स्पीकर वाजले नाहीत तर घाबरू नका.

बाकी किरकोळ. टीव्ही, प्लेअर, स्पीकर, डिकोडर असे चार प्लग होतात, त्यामुळे एक्स्टेंशन बोर्ड काढून ठेवा. मागच्या स्पीकरची वायर दाराच्या चौकटीवरून फिरवायची असेल तर आधी टेपने मोजा. मुंबईच्या पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या पिनांवर हिरवट थर धरतो, सगळं बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. सगळं जोडल्यावर हूं असा आवाज येत राहिला तर बऱ्याचदा तो केबलवाल्याच्या वायरीतून आलेला असतो, एकदा ती काढून बघा, आणि दोन्ही सोयी असतील तर कोॲक्शियलऐवजी ऑप्टिकल लावा, त्यातून वीज जातच नाही. सबवूफरखाली जाड रबरी मॅट घाला, खालच्या घरात म्हातारी माणसं असतात.

मामांकडे आम्ही शनिवारी जोडलं. डिकोडरवर डॉल्बीचा दिवा लागला, पुढचे तिन्ही छान, मागचा उजवा छान, मागचा डावा गप्प. काळी पीन अर्धीच आत गेली होती. मामांनी अंगठ्याने दाबली, कट् झालं, आणि त्यांच्या डाव्या कानामागून पाऊस पडायला लागला.