पाऊणमधून पाव गेला की काय उरतं? अपूर्णांकांची वजाबाकी शिकवताना

७/८ - ३/८ हे गणित पाचवीच्या वर्गात दिलं की दोन-तीन वह्यांत तरी उत्तर ४/० येतं. वर सातातून तीन गेले, खाली आठातून आठ गेले. यात मुलाचा आळस नाही. आजवर शिकलेली वजाबाकी त्यानं इमानदारीनं दोनदा केली आहे. 'छेदांची वजाबाकी करायची नाही' असं फळ्यावर लिहिलं तर ही चूक आठवडाभर दबते आणि भिन्नच्छेद अपूर्णांक आले की पुन्हा डोकं वर काढते. मूळ अडचण अशी, की मुलाला छेदसुद्धा मोजायची संख्या वाटते. छेद हे तुकड्याचं आडनाव आहे आणि त्या आडनावाचे किती तुकडे हे अंश सांगतो, एवढं आधी मुरवा. सात जोशांमधून तीन जोशी उठून गेले तर चार जोशी उरतात. जोशी वजा जोशी करायला कुणी बसत नाही.

म्हणून पहिली तासिका वही न उघडता. मराठी मुलाकडे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द शाळेच्या आधीपासून असतात. पाऊण किलो भेंडीतली पाव किलो काढली, किती राहिली? दीड लिटर दुधातलं अर्धा लिटर चहाला गेलं? मंडईत उभं राहून विचारता येतील असे दहा-बारा प्रश्न तोंडी घ्या. बहुतेक मुलं बरोबर सांगतात. मग फळ्यावर ३/४ - १/४ लिहा, उत्तर काढायला सांगा आणि गंमत बघा: ज्यानं मघाशी 'अर्धा किलो' सांगितलं तोच २/० लिहितो. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवा आणि त्यालाच निवाडा करू द्या.

सेमी इंग्रजीच्या वर्गात हे दुप्पट गरजेचं आहे. तिथे मूल पुस्तकात 'थ्री बाय फोर' वाचतं आणि घरी 'पाऊण' ऐकतं. दोन्ही एकच आहेत हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मराठी माध्यमातही 'सात छेद आठ' असं वाचण्यापेक्षा 'सात अष्टमांश' म्हणून घ्या. 'सात अष्टमांश वजा तीन अष्टमांश' असं तोंडानं म्हटलं की छेद वजा करायची इच्छाच होत नाही. समच्छेद वजाबाकीला याहून फार वेळ लागत नाही.

पुढच्या कामाला पट्ट्या लागतात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मिळणारी साधी जाड कार्डशीट पुरे. ए-फोर आकाराच्या एका कागदातून २४ सेंमी लांब आणि ३ सेंमी रुंद अशा बरोबर सात पट्ट्या निघतात. २४ मुद्दाम, कारण तिला २, ३, ४, ६, ८ आणि १२ अशा सगळ्यांनी भाग जातो. एक पट्टी अखंड ठेवा. बाकी सहांचे तुकडे असे: अर्धे १२ सेंमीचे, तृतीयांश ८, चतुर्थांश ६, षष्ठांश ४, अष्टमांश ३ आणि द्वादशांश २ सेंमीचे. अर्धे, पाव, अष्टमांश घड्या घालून होतात. तृतीयांश घडीनं कधी सरळ येत नाहीत, तिथे ८ आणि १६ सेंमीवर मोजपट्टीनं खूण करायला लावा. मग प्रत्येकाचे दोन केले की षष्ठांश, पुन्हा दोन केले की द्वादशांश. प्रत्येक तुकड्यावर त्याचं नाव लिहा, दर पट्टीचा रंग वेगळा ठेवा आणि संच लग्नपत्रिकेच्या जुन्या पाकिटात घाला. दोन सेंमीचे तुकडे हरवतातच, चार-पाच जास्तीचे कापून ठेवा. भाकरीचे किंवा पिझ्झाचे गोल चित्रात छान दिसतात, पण मुलांच्या हातून गोलाचे तीन सारखे भाग होत नाहीत, आणि तुकडेच असमान असतील तर सगळंच ओमफस्.

आता ३/४ - १/८. मुलं तीन चतुर्थांश ओळीत लावतात. त्यातून एक अष्टमांश काढा म्हटलं की अडतात, कारण ओळीत अष्टमांशच नाही. इथे उत्तर सांगायची घाई करू नका. शंभराची एकच नोट आहे आणि रिक्षावाल्याला तीस द्यायचे आहेत, तर काय कराल? सुट्टे. तसा एक चतुर्थांश देऊन दोन अष्टमांश घ्यायचे, त्यातला एक काढायचा. पुढ्यात दोन चतुर्थांश आणि एक अष्टमांश उरतो. 'हे किती?' या प्रश्नावर 'तीन' असं उत्तर येईल. तीन काय? दोन एका आडनावाचे, एक दुसऱ्या. एकच नाव सांगायचं तर उरलेले चतुर्थांशही सुटे करावे लागतात, आणि पाच अष्टमांश होतात. ३/४ = ६/८, ६/८ - १/८ = ५/८ हे लिखाण या क्षणी करा, आधी नको. समच्छेद करणं म्हणजे सगळी रक्कम एकाच नाण्यात सुटी करणं, हे हातानं झालेलं असतं.

याच गणितावर काही मुलं २/४ लिहितात: वर ३-१, खाली ८-४. यावर लाल फुली मारण्यापेक्षा विचारा, तीन पावांतून एक पाव काढला तर २/४ राहतात ना? आपण तर पावापेक्षा लहान तुकडा काढला. मग उरलेलं २/४ पेक्षा जास्त हवं की कमी? दर गणिताआधी असा अंदाज घ्यायची सवय लावली की निम्म्या चुका मूल स्वतःच पकडतं.

दोन्ही छेद एकमेकांच्या पाढ्यात नसतील तर थोडं थांबून शिकवा. २/३ - १/४ घ्या. तृतीयांश सुटे करून चतुर्थांश मिळत नाहीत, दोन्ही ज्यात सुटे होतील असा तुकडा शोधायचा. मुलं षष्ठांश, अष्टमांश लावून बघतात, जमत नाही, शेवटी द्वादशांश बसतो: ८/१२ - ३/१२ = ५/१२. मग पाढ्याची वाट दाखवा: मोठ्या छेदाचा पाढा म्हणत जायचं, ४, ८, १२, आणि लहान छेदानं भाग जाईल तिथे थांबायचं. लसावि हा शब्द नंतर आला तरी चालतो. छेदांचा सरळ गुणाकार करणाऱ्याला चूक ठरवू नका. ५/६ - ३/४ हे २०/२४ - १८/२४ करून २/२४ आलं तरी संक्षिप्त रूप १/१२ च, फक्त आकडे मोठे झाले.

इथली ठरलेली चूक: छेद बदलतो, अंश तसाच राहतो. ५/६ - ३/४ चं ५/१२ - ३/१२ होतं. पाच षष्ठांश २० सेंमीचे आणि पाच द्वादशांश १० सेंमीचे. दोन्ही एकाखाली एक ठेवले की वाद मिटतो. पंचमांश २४ सेंमीत नीट बसत नाहीत, त्यासाठी चौकटीची वही वापरा. ३/४ - २/५ ला ४ बाय ५ चौकटींचा आयत काढा. २० घरं; तीन चतुर्थांश म्हणजे १५, दोन पंचमांश म्हणजे ८, उरली ७, म्हणजे ७/२०.

पूर्णांकयुक्त अपूर्णांकांकडे वळण्यापूर्वी १ - ३/८ सारखी पाच-सहा गणितं घ्या. एक म्हणजे ८/८ हे बसलेलं नसेल तर पुढचं काही टिकत नाही. आणि लिहिताना आडवी रेघच हवी. तिरक्या रेघेनं ३ १/४ चं पुष्कळदा ३१/४ होतं.

३ १/४ - १ ३/४ यात दोन चुका येतात. एक, १ मधून ३ जात नाहीत म्हणून मूल ३ मधून १ वजा करतं आणि २ २/४ लिहितं. दुसरी जास्त शिकवणारी: शेजारून एक उसना घेतला की तो दहाच, ही जुनी सवय. त्यामुळे १/४ चं ११/४ होतं, ११/४ - ३/४ = ८/४, वर पूर्णांक १, एकूण तीन. सव्वातीनातून पावणेदोन गेले आणि तीन उरले! हे मुलाला मोठ्यानं वाचायला लावा, तेच हसेल. उसना घेतलेला एक इथे चार चतुर्थांशांत सुटा होतो: ३ १/४ = २ ५/४, म्हणून उत्तर १ २/४, म्हणजे दीड.

पडताळा शब्दांतच आहे. पावणेदोन म्हणजे पाव उणे दोन. पावणेदोनपासून दोनपर्यंत पाव, दोनपासून तीनपर्यंत एक, पुढे सव्वातीनपर्यंत पाव, झाले दीड. पुण्यात रिक्षाचं किमान भाडं पहिल्या दीड किलोमीटरला असतं, तेव्हा सव्वादोन किलोमीटरच्या प्रवासात त्यापुढचं अंतर किती, हे गणित दोन्ही रीतींनी करून घ्या: पाऊण किलोमीटर.

शाब्दिक उदाहरणं बनवताना एक खड्डा मोठ्यांनाही दिसत नाही. '३/४ मीटर रिबिनीतली १/४ मीटर वापरली' याचं उत्तर अर्धा मीटर. '३/४ मीटर रिबिनीतली १/४ रिबीन वापरली' याचं उत्तर ९/१६ मीटर, कारण तो पाऊण मीटरचा पाव आहे. दुसरं गणित गुणाकाराचं. वजाबाकीच्या सरावात प्रत्येक अपूर्णांकापुढे मीटर, किलो, लिटर हे एकक लिहिलेलं आहे ना, ते प्रश्नपत्रिका काढताना एकदा बघून घ्या.